उपऱ्याचे मन : अमेरिकेतील पहिल्या इंग्रज वसाहती आणि मंडळी

(शब्बाथशाळेचे शिक्षक व अभ्यासवर्ग यांच्यासाठी)

शास्त्रपाठ : निर्गम २३:९, मत्तय १३:२४-३०, ३६-४३, लूक ९:५१-५६, गलती ३:२६-२८.

पाठाचा उद्देश : विश्वासासाठी छळ सोसलेले लोक सत्ता हाती येताच इतरांचा छळ कसे करू लागतात, हे इतिहासातून पाहणे, आणि देवाने प्रत्येक माणसाला दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीचा मान राखण्यास शिकणे.

प्रस्तावना

मराठी मंडळ्यांचा इतिहास शिकविताना आपण बहुधा १८१३ या वर्षापासून आरंभ करतो. त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबई बंदरात उतरले. आपल्यापैकी कोणाची मंडळी लंडन मिशनच्या कार्यातून उभी राहिली, कोणाची कॅनेडियन मिशनच्या, तर कोणाची मेथडिस्ट मिशनच्या. तरी मराठी भाषेत शास्त्र, गीते व शाळा यांचे जे कार्य अमेरिकन मराठी मिशनने केले, त्याचा लाभ आपणां सर्वांस झाला आहे.

हॉल व नॉट यांची दीक्षा ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील सेलम या गावी झाली. ज्या मंडळ्यांनी त्यांना पाठविले त्या प्युरिटन लोकांच्या मंडळ्यांतून वाढलेल्या होत्या. त्या मंडळ्यांचा आधीच्या दोनशे वर्षांचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. याच सेलममधून १६३५ मध्ये एका पाळकाला त्याच्या मतांसाठी हद्दपार केले गेले. याच सेलममध्ये १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून निरपराध माणसांना फाशी दिली गेली. ज्यांच्याकडून सुवार्ता मिळाली त्यांच्या उणिवा सांगणे कृतघ्नपणाचे आहे असे कोणास वाटेल. पण शास्त्र दाविदाचेही पाप झाकून ठेवीत नाही आणि पेत्राचेही ठेवीत नाही. तेव्हा हा इतिहास आपण शास्त्राच्या उजेडात पाहू या.

१. कंपनीची वसाहत

इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकून राहिलेली वसाहत म्हणजे व्हर्जिनियातील जेम्सटाउन. मे १६०७ मध्ये तीन जहाजांतून सुमारे १०४ पुरुष व मुलगे तेथे उतरले. त्यांना व्हर्जिनिया कंपनीने पाठविले होते. ही भागभांडवलाची व्यापारी कंपनी होती आणि तिला राजाची सनद होती. आपल्या देशात आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीची ती जणू धाकटी बहीण होय. लंडनचे व्यापारी सर टॉमस स्माइथ हे ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते, आणि व्हर्जिनिया कंपनीचे मुख्य खजिनदारही तेच होते. सनदेत सुवार्ताप्रसाराचा उल्लेख होता; पण भागीदारांचे डोळे नफ्याकडे लागले होते.

नफा तर दूरच, १६०९-१० च्या हिवाळ्यात अन्नावाचून एवढे लोक मेले की सुमारे पाचशेंपैकी साठेकच उरले. पुढे जॉन रॉल्फ यांनी तंबाखूची लागवड यशस्वी केली आणि वसाहत तगली. तंबाखूला जमीन पुष्कळ लागे व मजूरही पुष्कळ लागत. जमीन मूळ रहिवाशांची होती. मजूर आरंभी इंग्लंडातून आलेले करारबद्ध गरीब लोक होते.

१६१९ हे वर्ष शिक्षकांनी फळ्यावर लिहावे. त्या वर्षी ३० जुलै रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये वसाहतीच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. आरंभी प्रार्थना झाली. इंग्रज अमेरिकेतील लोकप्रतिनिधींचे राज्य येथून सुरू झाले असे म्हणतात. त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्टच्या अखेरीस, एक इंग्रज जहाज किनाऱ्याला लागले. त्यावर वीसांहून थोडे अधिक आफ्रिकन स्त्रीपुरुष होते. अंगोलातून नेले जात असताना एका पोर्तुगीज जहाजावरून त्यांना लुटून आणले होते. त्यांच्या बदल्यात जहाजवाल्यांनी अन्नधान्य घेतले.

पुढे जसजशी गुलामी वाढली तसतसा मळेवाल्यांना एक प्रश्न अडचणीचा वाटू लागला : गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो प्रभूमध्ये आपला भाऊ झाला, मग त्याला गुलाम कसे ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर व्हर्जिनियाच्या सभेने १६६७ मध्ये कायद्याने देऊन टाकले. बाप्तिस्म्यामुळे माणसाच्या गुलाम किंवा स्वतंत्र असण्यात काही फरक पडत नाही, असा तो कायदा होता. धन्यांची ही शंका दूर झाली म्हणजे ते आपल्या गुलामांमध्ये धर्मप्रसार अधिक मोकळेपणाने होऊ देतील, असेही त्यात म्हटले होते.

येथे थांबून गलती ३:२६-२८ वाचावे. बाप्तिस्म्याने दास व स्वतंत्र हा भेद ख्रिस्तामध्ये उरत नाही असे पौल शिकवितो. व्हर्जिनियाने बाप्तिस्मा ठेवला आणि त्यातला हा अर्थ तेवढा काढून घेतला. बाप्तिस्म्याला कोणी बंदी केली नाही, म्हणून मंडळीला आपले काही गेले असे वाटले नाही.

२. विश्वासासाठी देशत्याग

दुसऱ्या प्रकारचे लोक विश्वासासाठी आले. त्या काळी इंग्लंडात राजा हाच मंडळीचाही प्रमुख असे आणि राजमान्य उपासनेला न जाणारा शिक्षेस पात्र ठरे. स्क्रूबी या खेड्यातील काही विश्वासणाऱ्यांनी राजमंडळीपासून वेगळे होऊन आपली छोटी मंडळी स्थापली. त्यांच्यावर पाळत ठेवली गेली, काहींना तुरुंगवास घडला. शेवटी ते हॉलंडला पळाले व लायडन शहरात जॉन रॉबिन्सन या पाळकाच्या हाताखाली राहू लागले. तेथे उपासनेचे स्वातंत्र्य होते. पण परक्या गावात काबाडकष्ट करून पोट भरावे लागे, आणि मुले आपली भाषा व चालीरीती विसरत चालली होती. आपल्या मूळ मुलखापासून दूर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांना ही चिंता समजावून सांगावी लागणार नाही.

सप्टेंबर १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी अमेरिकेस निघाले. त्यांत या मंडळीचे लोक होते आणि नुसते पोटासाठी निघालेलेही होते. नोव्हेंबरात किनारा दिसला तेव्हा जहाजावरच ४१ पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या. आपण सर्व मिळून एक समाज होऊ, न्याय्य कायदे करू व ते पाळू, असा तो करार होता. मंडळीच्या सभासदांनी आपसात करार करण्याची त्यांची रीत होती. तीच त्यांनी राज्यकारभाराला लावली.

पहिल्याच हिवाळ्यात निम्मे लोक मृत्यू पावले. जे वाचले ते मूळ रहिवाशांच्या मदतीने वाचले. त्या रहिवाशांना आपल्या जुन्या पुस्तकांतून रेड इंडियन म्हणत. पण त्यांची आपापली नावे होती. या भागातील लोक वाम्पानोआग होत. त्यांच्यापैकी टिस्क्वांटम नावाच्या माणसाला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने फसवून धरले व स्पेनमध्ये विकण्यास नेले होते. तेथून इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये परत आला, तेव्हा त्याचे गाव साथीच्या रोगाने ओसाड झाले होते. त्याच ओसाड गावाच्या जागी या लोकांनी प्लिमथ वसविले. ज्याला इंग्रजांनी धरून नेले त्यानेच इंग्रजांना मका कसा पेरावा हे शिकविले. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याने मार्च १६२१ मध्ये त्यांच्याशी तह केला आणि तो पन्नासाहून अधिक वर्षे टिकला.

निर्गम २३:९ मध्ये देव इस्राएलास सांगतो की उपऱ्याच्या मनाला काय वाटते ते तुम्हांला ठाऊक आहे, कारण तुम्हीही मिसरात उपरे होता. म्हणून उपऱ्यावर जुलूम करू नका. प्लिमथच्या लोकांनी उपरेपण दोनदा भोगले होते, हॉलंडात एकदा आणि अमेरिकेत पुन्हा. दुसऱ्या वेळी त्यांना थारा देणारे मूर्तिपूजक म्हणून हिणवलेले लोक होते.

३. डोंगरावरील नगर

१६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली प्युरिटनांचा मोठा समूह मॅसॅच्युसेट्स बे येथे आला. पुढील दहाबारा वर्षांत सुमारे वीस हजार माणसे आली. राजमंडळीतून फुटून निघण्याचे त्यांच्या मनात नव्हते. तिचे शुद्ध रूप नव्या देशात उभारून जगाला दाखवावे अशी त्यांची इच्छा होती. मत्तय ५:१४ मधील डोंगरावरील नगराचा दाखला विन्थ्रॉप यांनी आपल्या उपदेशात दिला.

या लोकांचे चांगले गुण आधी सांगितले पाहिजेत. प्रत्येक मुलाला शास्त्र वाचता आले पाहिजे ही त्यांची कळकळ होती. १६३६ मध्ये त्यांनी पुढे हार्वर्ड म्हणून प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय स्थापिले. १६४७ मध्ये त्यांनी कायदा केला की पन्नास कुटुंबे असलेल्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक ठेवावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने वरच्या शिक्षणाची शाळा काढावी. लोकांना शास्त्रापासून दूर ठेवणे ही सैतानाची युक्ती आहे, असे कारण त्या कायद्यातच दिले होते. मिशनरी जेथे गेले तेथे प्रार्थनामंदिराबरोबर शाळा का काढीत, याचे एक मूळ येथे सापडते.

पण १६३१ मध्ये त्यांनी असेही ठरविले की वसाहतीच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क फक्त मंडळीच्या सभासदांना राहील. उपासनेस येणे मात्र सर्वांना सक्तीचे होते. मंडळीच्या शिकवणुकीला विरोध करणारा राज्याचाही गुन्हेगार ठरू लागला. ज्या व्यवस्थेतून सुटण्यासाठी ते समुद्र ओलांडून आले, तीच व्यवस्था त्यांनी येथे पुन्हा मांडली. फरक एवढाच की आता दंडुका त्यांच्या हाती होता.

ॲन हचिन्सन ही बोस्टनची सुईण व अनेक मुलांची आई. ती आपल्या घरी स्त्रियांना जमवून रविवारच्या उपदेशावर चर्चा करी. पाळक कृपेपेक्षा कर्मांवर भर देतात असे ती म्हणू लागली. घरातली गर्दी वाढली, पुरुषही येऊ लागले. नोव्हेंबर १६३७ मध्ये तिच्यावर खटला भरून तिला हद्दपारीची शिक्षा दिली गेली, व पुढील वर्षी मंडळीनेही तिला बहिष्कृत केले. तिच्या काही मतांशी आपण सहमत होणार नाही. पण मतभेदाचे उत्तर हद्दपारीने द्यावे काय, हा प्रश्न वर्गापुढे ठेवावा.

४. रॉजर विल्यम्स आणि निदणाचा दाखला

रॉजर विल्यम्स १६३१ मध्ये तरुण पाळक म्हणून आले. त्यांनी सेलम येथे सेवा केली. त्यांच्या दोन मतांनी अधिकारी अस्वस्थ झाले. पहिले असे की, इंग्लंडच्या राजाला मूळ रहिवाशांची जमीन सनदेने वाटून देण्याचा अधिकार नाही. ती त्यांच्याकडून न्यायाने विकत घेतली पाहिजे. दुसरे असे की, दहा आज्ञांपैकी ज्या माणसाच्या देवाशी असलेल्या संबंधाविषयी आहेत, त्या मोडल्याबद्दल शिक्षा करणे हे सरकारचे काम नव्हे.

ऑक्टोबर १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. जानेवारी १६३६ मध्ये त्यांना धरून इंग्लंडला पाठविण्याचे ठरले, तेव्हा आजारातून नुकतेच उठलेले विल्यम्स बर्फात घराबाहेर पडले. चौदा आठवडे धड अन्न व अंथरूण मिळाले नाही असे त्यांनी नंतर लिहून ठेवले आहे. त्यांना आसरा दिला तो मूळ रहिवाशांनी. पुढे नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनॉनिकस व मिआंटॉनोमी यांच्याकडून जमीन घेऊन त्यांनी एक गाव वसविले आणि त्याला प्रॉव्हिडन्स, म्हणजे देवाची तरतूद, असे नाव दिले. गावाचा निर्णय बहुमताने व्हावा, पण फक्त ऐहिक बाबतींत, असा तेथील नियम होता. ॲन हचिन्सनची मंडळीही याच भागात आली, आणि येथून ऱ्होड आयलंड वसाहत वाढली. १६३८ च्या सुमारास अमेरिकेतील पहिली बाप्टिस्ट मंडळी प्रॉव्हिडन्स येथे झाली. १६४३ मध्ये विल्यम्स यांनी नॅरागॅन्सेट भाषेवर पुस्तक प्रसिद्ध केले.

१६४४ मध्ये त्यांनी छळाविरुद्ध एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मत्तय १३ मधील निदणाचा दाखला मुख्य आहे. त्यांचे विवरण शिक्षकांनी नीट समजून घ्यावे. शेत म्हणजे जग, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे (वचन ३८). मंडळीमध्ये शिस्त हवी, आणि ती वचनाने व मंडळीच्या निर्णयाने लावावी. पण जगाच्या शेतात गहू व निदण कापणीपर्यंत बरोबर वाढू द्यावे, कारण उपटणारे हात गहूही उपटतात. कापणी करणारे देवदूत आहेत. ते काम शिपायाचे नाही. शिवाय सक्तीने करविलेली उपासना देवाला नको आहे. जबरदस्तीने माणूस ढोंगी होतो, विश्वासी होत नाही. बोस्टनचे विद्वान पाळक जॉन कॉटन यांनी या ग्रंथाला उत्तर लिहिले, आणि हा वाद अनेक वर्षे चालला.

मग स्वातंत्र्य म्हणजे बेबंदशाही काय? काहींनी असा अर्थ काढला, तेव्हा १६५५ मध्ये विल्यम्स यांनी गावकऱ्यांना जहाजाचा दाखला दिला. एका जहाजावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी व मुसलमान असे सर्व प्रवासी आहेत. कोणालाही जहाजावरच्या प्रार्थनेस येण्याची सक्ती नसावी, आणि कोणाला आपली प्रार्थना करण्यास मनाईही नसावी. पण जहाज कोणत्या दिशेने न्यावे, शिस्त कशी राखावी हे कप्तानाच्या हाती असावे, आणि भाडे प्रत्येकाने द्यावे. मुलांच्या वर्गात हा दाखला रेल्वेगाडीचे चित्र काढून सहज शिकविता येईल.

विल्यम्स यांची आणखी एक गोष्ट. क्वेकर लोकांची शिकवण त्यांना मुळीच पटत नसे. १६७२ मध्ये, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, ते स्वतः होडी वल्हवीत न्यूपोर्टला गेले आणि क्वेकर पुढाऱ्यांशी कित्येक दिवस जाहीर वादविवाद केला. त्यांनी शब्द मवाळ वापरले नाहीत. पण क्वेकरांना चाबकाचा किंवा तुरुंगाचा धाक त्यांनी कधी घातला नाही. चुकीला चूक म्हणायचे आणि चुकणाऱ्याला हात लावायचा नाही, हे दोन्ही एकाच माणसाला जमते.

५. बोस्टनचा फास

त्याच क्वेकरांशी बोस्टनने काय केले ते पाहा. १६५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की हद्दपार केलेला क्वेकर परत आला तर त्याला मृत्युदंड द्यावा. ऑक्टोबर १६५९ मध्ये विल्यम रॉबिन्सन व मार्माड्यूक स्टीव्हन्सन यांना फाशी दिली गेली. त्यांच्याबरोबर मेरी डायर हिलाही वधस्तंभाशी नेले होते. तिच्या गळ्यात दोर अडकविल्यावर तिला माफी जाहीर झाली व बाहेर पाठविण्यात आले. हा अन्यायी कायदा रद्द व्हावा म्हणून ती पुढच्या वर्षी जाणूनबुजून परत आली, आणि १ जून १६६० रोजी बोस्टनमध्ये तिला फाशी दिले गेले. १६६१ मध्ये विल्यम लेड्रा हा चौथा क्वेकर फासावर गेला. शेवटी हे थांबविले ते राजा दुसरा चार्ल्स याच्या हुकुमाने. ज्या राजसत्तेच्या जाचातून ते सुटून आले होते, तिनेच त्यांचा हात धरला. बोस्टनच्या राज्यसभेच्या इमारतीसमोर १९५९ पासून मेरी डायर हिचा पुतळा आहे.

लूक ९:५१-५६ मध्ये याकोब व योहान शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागतात. प्रभू त्या गावाला धमकावीत नाही. तो वळून आपल्या शिष्यांना धमकावतो, आणि ते दुसऱ्या गावास जातात.

इतर वसाहतींतही प्रयोग चालू होते. मेरीलंडने १६४९ मध्ये त्रैक्य मानणाऱ्या सर्व ख्रिस्ती पंथांना मोकळीक देणारा कायदा केला, पण त्रैक्य नाकारणाऱ्याला त्याच कायद्यात मृत्युदंड होता. क्वेकर असलेल्या विल्यम पेन यांना १६८१ मध्ये सनद मिळाली व पेनसिल्व्हेनियात अनेक पंथांचे लोक येऊन राहिले. तेथील जर्मनटाउन गावच्या चार जणांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, या प्रभूच्या नियमावर (मत्तय ७:१२) तो आधारलेला होता. त्या वेळी त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

६. प्रार्थना करणारी गावे

आता या इतिहासातील सर्वांत दुःखद भाग. १६३७ मध्ये पेक्वॉट लोकांशी झालेल्या युद्धात इंग्रजांनी त्यांच्या मिस्टिक येथील तटबंदीच्या गावाला आग लावली. स्त्रिया व मुले धरून काही शेकडो माणसे मेली.

अशा काळात जॉन एलियट या रॉक्सबरीच्या पाळकाने मूळ रहिवाशांची भाषा कष्टाने शिकून घेतली. १६४६ मध्ये त्याने त्या भाषेत उपदेश करण्यास आरंभ केला. नव्या विश्वासणाऱ्यांची वेगळी गावे वसली; त्यांना प्रार्थना करणारी गावे म्हणत. १६६३ मध्ये एलियटने त्यांच्या भाषेतील संपूर्ण बायबल छापून पुरे केले. अमेरिकेत छापलेले पहिले बायबल ते हेच. ते इंग्रजीत नव्हते. छापखान्यात अक्षरे जुळविण्याच्या कामी मूळ रहिवाशांपैकी एक तरुण होता, त्याला पुढे जेम्स प्रिंटर म्हणत.

१६७५ मध्ये मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. जमिनी जात राहिल्या होत्या, तहाचा मान उरला नव्हता. युद्धात दोन्ही बाजूंची गावे जळाली, प्रॉव्हिडन्सही जळाले. भयाने वेड्या झालेल्या इंग्रजांना विश्वासू आणि शत्रू यांतला फरक दिसेना. ऑक्टोबर १६७५ मध्ये प्रार्थना करणाऱ्या गावांतील शेकडो ख्रिस्ती माणसांना नेऊन बोस्टन बंदरातील डियर बेटावर ठेवले गेले. हिवाळा होता, अन्न व निवारा पुरेसा नव्हता. अनेक जण तेथेच मेले. एलियट व त्याचा सहकारी डॅनियल गूकिन यांनी त्यांची बाजू घेतली, म्हणून लोकांनी त्यांनाच धमक्या दिल्या. युद्धापूर्वी अशी चौदा गावे होती. नंतर चार उरली.

रॉजर विल्यम्सही या कसोटीत निष्कलंक राहिले नाहीत. १६७६ मध्ये प्रॉव्हिडन्सने पकडलेल्या कैद्यांना ठरावीक मुदतीच्या दास्यात विकले, आणि ते काम पाहणाऱ्या समितीत ते होते. हे मुलांपासून लपवू नये. आपला आदर्श एकटा प्रभू आहे. बाकीच्यांकडून शिकावे, त्यांची पूजा करू नये.

एलियटचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. वाम्पानोआगांची बोली कित्येक पिढ्या कोणी बोलत नव्हते. १९९३ पासून ते लोक ती पुन्हा शिकू लागले, आणि त्या कामी ते जुने बायबल त्यांना फार उपयोगी पडले.

७. न्यायाधीश उभा राहिला

१६९२ मध्ये सेलम व आसपासच्या गावांत चेटकाची भीती पसरली. दीडशेहून अधिक लोकांवर आरोप आले. १९ जणांना फाशी दिले गेले व एका वृद्धाला दगडांखाली दाबून मारले. न्यायाधीश शास्त्र जाणणारे, मंडळीत मान असलेले गृहस्थ होते. त्यांत सॅम्युएल स्यूअल हे एक होते.

१४ जानेवारी १६९७ हा उपासाचा दिवस होता. त्या दिवशी बोस्टनच्या मंडळीत स्यूअल यांनी एक कागद पाळकाच्या हाती दिला आणि पाळक तो मोठ्याने वाचीत असता ते सर्वांसमोर आपल्या जागी उभे राहिले. त्या खटल्यांचा दोष व लज्जा आपण आपल्यावर घेतो आणि देवाची व माणसांची क्षमा मागतो, असा त्याचा आशय होता. त्या न्यायाधीशांपैकी असा उघड पश्चात्ताप करणारे ते एकटेच. तीन वर्षांनी, १७०० मध्ये, त्यांनी योसेफाला त्याच्या भावांनी विकल्याच्या कथेवरून (उत्पत्ती ३७) गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. एका ठिकाणी नम्र झालेल्या मनाला दुसऱ्या ठिकाणचा अन्यायही दिसू लागला.

८. आपल्यासाठी धडे

पहिला धडा : दुःख सोसल्याने माणूस आपोआप दयाळू होत नाही. म्हणून तर देवाने इस्राएलाला मिसराची आठवण पुनःपुन्हा करून दिली. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांच्या वाडवडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते. त्यांची नातवंडे आज मंडळीत जबाबदारीच्या जागी आहेत, ही देवाची कृपा. पण नव्याने आलेल्या कुटुंबाला पंचायतीत जागा देताना, सोयरीक ठरविताना, प्रभुभोजनाच्या वेळी शेजारी बसताना आपण त्याचे मूळ विचारतो काय? विचारीत असू, तर १६६७ चा तो व्हर्जिनियाचा कायदा आपल्याही मंडळीत लागू आहे असे समजावे.

दुसरा धडा : जे स्वातंत्र्य आपण मागतो ते शेजाऱ्यासाठीही मागावे. भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्व व्यक्तींना सारखेच दिले आहे. अल्पसंख्य म्हणून आपण त्याचा आधार घेतो, आणि घ्यावाही. पण आपल्याच घरातला मुलगा वेगळ्या पंथाच्या सभेला जाऊ लागला, किंवा एखाद्या भगिनीने मंडळीच्या सभेत गैरसोयीचा प्रश्न विचारला, तर आपण काय करतो? वचनाने समजूत घालतो, की वाळीत टाकण्याची भाषा बोलतो?

तिसरा धडा : सुवार्ता सदोष पात्रांतून आली तरी ती सुवार्ताच आहे. मुंबईत उतरलेल्या हॉल व नॉट यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने परत जाण्याचा हुकूम केला, तेव्हा देवाची आज्ञा माणसांच्या हुकुमाहून मोठी आहे हे त्यांनी गव्हर्नरांना विनयाने लिहून कळविले. विन्थ्रॉपच्या नातवंडांनी हा धडा रॉजर विल्यम्सच्या बाजूने शिकला होता. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूस प्रवासात पटकीने वारले. त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून पुरा झाला.

वर्गासाठी प्रश्न

१. प्लिमथच्या लोकांना कोणी थारा दिला? आज आपल्या गावात असा थारा कोणाला हवा आहे?
२. निदणाच्या दाखल्यात शेत म्हणजे काय? मंडळीतील शिस्त आणि जगातील सक्ती यांत काय फरक आहे?
३. मेरी डायर परत आली हे शहाणपणाचे होते काय? प्रेषित ४:१८-२० वाचून उत्तर द्या.
४. मंडळीसमोर उभे राहिल्याने स्यूअल यांनी काय गमावले व काय मिळविले?
५. येत्या आठवड्यात, ज्याचे मत आपल्याला पटत नाही अशा एका माणसाच्या घरी जाऊन त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या. वाद पुढच्या भेटीसाठी ठेवा.

पाठांतरासाठी : निर्गम २३:९.

प्रार्थनेचा विषय : आपल्या मंडळीत परकेपणा वाटत असलेल्या प्रत्येकासाठी, आणि त्याचे मन ओळखण्याची बुद्धी आपणांस मिळावी म्हणून.